पाकोळी बाहेर बसत नाही

४ सप्टेंबर, सोमवार

पोचलो. समुद्र शहाण्यासारखा वागला. माउके सोडल्यापासून बोटीवर एकालाच उलटी झाली, आणि तो डुक्कर होता. आतिऊच्या धक्क्यावर गळ्यात चार हार पडले. पंचायतीचा मुख्य तेरिई स्वतः मोटारसायकल घेऊन आला होता. मांडीवर पेटी आणि नाकात फुलं अशा थाटात वर गावात आलो.

वाटेत संत्र्याची दारू प्यायला मंडळी छपराखाली गोल बसली होती. त्यांनी गाडी थांबवली. मी पीत नाही म्हटल्यावर कोणी आग्रह केला नाही, पण एकाने विचारलं, काय रे माउकेवाल्या, आपल्या पायांनी आलास? तुमचे पणजे तर आमच्याकडे पाटीतून यायचे, वर केळीचं पान झाकून. सगळे हसले, मीही हसलो. जुन्या लढायांवरून दोन बेटांनी एकमेकांना टोचायचं नाही तर शेजार कशाला?

काम गुहेच्या राखणीचं. पाकोळ्यांची गुहा. वाट साफ ठेवायची, पाहुण्यांना घरट्यांना हात लावू द्यायचा नाही, आणि दर आठवड्याला घरटी मोजून तेरिईला सांगायची. आधीचा राखणदार पुना वारला. त्याच्या भावाचं घर मला राहायला दिलंय. भाऊ न्यूझीलंडला असतो. अंगणापलीकडे पुनाची बायको राहते. अकाइती तिचं नाव, सत्तरीची आहे, सगळे मावशी म्हणतात. तिने अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून पाठवली. मीठ कमी होतं. बाकी उत्तम.

मारेता, तू असतीस तर जेवताना म्हणाली असतीस, आज काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. तीन वर्षं झाली तुला आपल्या दारापुढच्या कबरीत ठेवून. शेजारची माझी जागा तेव्हाच सिमेंटने आखून घेतली. मुलगी म्हणाली, बाबा, आता वहीला सांगत जा. म्हणून ही वही. पहिल्या पानावर नाव घातलंय, पोकोआती, मुक्काम माउके.

६ सप्टेंबर, बुधवार

ताउराकीबाबांनी आज गुहा दाखवली. वय ऐंशीच्या पुढे, पण माकातेआवर शेळीसारखे चालतात. समुद्रातून वर आलेलं हे जुनं पोवळं आमच्याकडेही आहे, पण इथलं जास्त धारदार. माझ्या चपलेचा तळ वाटेतच फाटला.

गुहेच्या तोंडाशी बसवून बाबांनी आधी आकाश दाखवलं. कोपेका. चिमणीहून लहान, काळपट पाकोळी, या बेटाखेरीज जगात कुठे नाही. दिवसभर हवेत असते. फांदीवर बसत नाही, तारेवर नाही, छपरावर नाही. बसते ती फक्त गुहेत, भिंतीला चिकटून. बाबा म्हणाले, दोन गोष्टी ध्यानात ठेव. पाकोळी बाहेर बसत नाही, आणि अंधाराशिवाय टकटक करत नाही. डोळ्यांना दिसत असताना जीभ कशाला झिजवायची? तुमच्या माउकेच्या बायकांनी शिकण्यासारखं आहे.

मोठ्या दालनात त्यांनी बॅटरी विझवली. आधी काही नाही. मग चहूकडून टक्, टक्, टक्, जणू शेकडो जिभा टाळ्याला लावून सोडल्या. केसांवरून वारा गेला, पंख एकही लागला नाही. पाखरू आपलीच हाक पुढे पाठवतं, ती खडकावरून परत येते, आणि तिच्या भरवशावर ते अंधारात शिरतं. प्रार्थना याहून वेगळी काय असते, असं मनात आलं.

पुना ही कला शिकला होता. चाळीस वर्षं बॅटरीशिवाय टकटक करत गुहेत फिरला. तरुणपणी नारळ सोलायच्या पहारीवर तोंडावर पडून त्याचे वरचे दोन दात गेले होते, म्हणून त्याच्या टकटकीमागे बारीक शीळ यायची. लोक म्हणत, पाकोळ्या टकटकतात आणि पुना शिट्टी मारतो. गेल्या नोव्हेंबरात आत गेला तो बाहेर आला नाही. तीन दिवस शोधलं. टोपी मिळाली.

निघताना बाबांनी सांगितलं, आत कोणाला नावाने हाक मारायची नाही. अरे म्हण, अहो म्हण, नाव नको. गुहेच्या खालच्या पोटात जुनी माणसं आहेत. लढायांत आणलेली, वाहून आलेली, ज्यांना कोणी अंगण दिलं नाही ती. त्यांची स्वतःची नावं कधीच झिजून गेली. कानावर पडलेलं नाव ती उचलतात.

मी मान डोलावली. मी चर्चचा सेवक आहे, भीती एकाच नावाची बाळगतो. पण ऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद घालण्यात काय अर्थ?

१० सप्टेंबर, रविवार

इथल्या चर्चमध्ये पुरुषांचा खर्ज फार चांगला लागतो. आमच्याकडे सगळे वरच्या सुरात ओरडतात.

दुपारी मावशीकडे जेवलो. तिच्या दारापुढे कबर आहे, वर पत्र्याचं छप्पर, चहूबाजूंनी पांढरा रंग, कडेने फुलझाडं. आत काही नाही. नुसता चौकोनी खड्डा, झाडून स्वच्छ ठेवलेला. गावात प्रत्येक दारापुढे आपापली माणसं आहेत. बायका त्यांच्यावर बसून अळकुड्या सोलतात, पोरं अभ्यास करतात, रागावलेला नवरा तिथे जाऊन बसतो. मावशीला बसायला जागा नाही. ती खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसते.

म्हणाली, पलीकडची शेजारीण म्हणते, अकाइती, तुझा खड्डा माझ्या कोंबड्या घाण करतात, बुजव एकदाचा. मी म्हटलं, तुझ्या कोंबड्यांना बुजवते. मग हसणं थांबवून म्हणाली, मला मरायला हरकत नाही रे. पण हा आत पडल्याशिवाय मी कशी मरू? मला एकटीला यात घालतील आणि तो तिकडे दगडात राहील. एकोणपन्नास वर्षांत आम्ही एक रात्र वेगळे झोपलो नाही. भांडलो तरी वेगळे नाही.

तिने त्याच्यासाठी शिवलेली गोधडी दाखवली. पांढऱ्यावर लाल जास्वंदी, एकेक पाकळी हाताने टाचलेली. म्हणाली, तू रोज आत जातोस. इथल्या पुरुषांचे गुडघे नोव्हेंबरपासून एकदम दुखायला लागलेत, खाली कोणी उतरत नाही. तू बघशील?

मारेता, मी हो म्हणालो. तूही हेच केलं असतंस.

१४ सप्टेंबर, गुरुवार

देवाने यश दिलं.

मोठ्या दालनाच्या मागे एक फट आहे. आडवा होऊन, पोटावर सरकत गेलो. पलीकडे खाली उतार आणि त्याच्या तळाशी कोरडं, ठेंगणं दालन. पाखरं तिथे घरटी करत नाहीत. भिंतीला टेकून एक जण बसला होता, गुडघे छातीशी घेतलेले. कवटी खांद्यावर कललेली, थकून डुलकी लागल्यासारखी.

मी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग एकेक हाड सुटं केलं. काही दगडाला धरून बसली होती, हलके ठोके मारावे लागले. झापांच्या पाटीत खाली माझा सदरा अंथरला, त्यावर ठेवली, वर केळीचं पान झाकलं. पाटी पाठीला बांधताना पहिल्या दिवशीचा टोमणा आठवला आणि उगीच हसू आलं.

म्हटलं, चल पुना, घरी. मावशी वाट बघतेय.

परतीची वाट लांबली. पाठीवर ओझं, हातात बॅटरी, चढ. धीर राहावा म्हणून मी मारेताशी बोलत आलो. मोठ्याने. मारेता, इथे पाय जप, मारेता, आता थोडंच राहिलं, आपल्या घराला निळा रंग द्यायचा राहिला बघ, असं काहीबाही. मागून पाकोळ्यांची टकटक चालूच होती. त्यात एकीच्या आवाजाला शेवटी बारीक शीळ होती. ती फटीपर्यंत मागे आली, मग फार घाईघाईने वाजायला लागली. उन्हात आलो तेव्हा थांबली.

मावशीने पाटीवर हात ठेवला आणि खाली बसली. विचारलं, तोच ना? मी म्हटलं, हो मावशी.

तिला पान उचलू दिलं नाही. म्हटलं, असं बघू नये.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज पुनाला अंगणात ठेवलं. सगळं गाव जमलं. तीन डुकरं, मातीतल्या भट्टीत भाजलेल्या अळकुड्या, डब्यातलं मांस, आणि खर्जातली गाणी. हाडं मी स्वतः गोधडीत बांधली आणि टाकेही मीच घातले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. लोकांना माझी भक्ती वाटली. मावशीने गाठोड्यावर तीनदा त्याला नावाने हाक मारली, इथे तशी रीत आहे: हे तुझं घर, ही तुझी बायको, हे तुझं अंगण. मग फरशी बसवून सिमेंट लावलं.

गुडघेदुखीवाले पुरुष येऊन माझा हात दाबून गेले. एक म्हणाला, माउकेवाल्यांनी आतिऊवाल्याला पाटीत घालून आणलं, आता आपली फिटंफाट.

ताउराकीबाबा जेवले नाहीत. मला बाजूला घेऊन विचारलं, कुठल्या दालनात सापडला? मी सांगितलं. बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, पुनाला त्या फटीतून जाता आलं नसतं. पोट बघितलं असतंस त्याचं.

संध्याकाळी मावशी पहिल्यांदा कबरीवर टेकून बसली आणि अळकुड्या सोलल्या. इतकी शांत मुद्रा मी कोणाची पाहिली नाही. तेवढ्यासाठी तरी चांगलंच झालं.

२० सप्टेंबर, बुधवार

घरटी मोजली. मागच्या आठवड्यापेक्षा बेचाळीस कमी. मोडलेली नाहीत, नुसती रिकामी. काहींत अंडी गार पडलेली. उंदीर नाही, खेकडा नाही.

दुपारी मावशीकडे जेवायला गेलो तर ओसरीच्या वाशाखाली पाकोळी. भिंतीला चिकटून, शेपूट टेकून. भर बारा वाजता. मी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी लांबून पाहिलं आणि अंगणात पाऊल न टाकता मागे वळले.

मावशी म्हणाली, त्याच्यामागून आली असेल, चाळीस वर्षांची ओळख आहे. ती खुशीत होती. दुपारी ती कबरीवर कान टेकून पडते. म्हणाली, बोलतो रे. जिभेने. आधी एकच टक् यायचा, आता मी विचारलं की उत्तर देतो.

मी विचारलं, शीळ येते का मागे?

म्हणाली, नाही. मेल्यावर दात परत येत असतील.

मी ताट तसंच ठेवून उठलो.

२३ सप्टेंबर, शनिवार

ओसरीवर एकोणीस. घरात किती ते कळत नाही, कारण मावशीने खिडक्यांना केवड्याच्या चटया लावल्यात. त्याला उजेड सोसत नाही म्हणे. गुहेत शंभर घरटी रिकामी.

दारात उभा राहिलो तेव्हा आतून टकटक ऐकली. भर दुपारी. बाहेर इतकं ऊन की डोळे मिटावे लागत होते, आणि ती पाखरं उंबऱ्याशी, लख्ख उजेडाच्या पट्ट्यात उडत टकटकत होती. बाबांचं वाक्य आठवलं. दिसत असताना पाकोळी जीभ झिजवत नाही. म्हणजे त्या उजेडात त्यांना दिसत नाही. तिथे काळोख आहे, आणि तो फक्त मला दिसत नाही.

मावशी आतून पाणी घेऊन आली. वाटेत स्टूल होतं. तिने जीभ वाजवली, टक्, आणि न बघता स्टुलाला वळसा घातला.

२६ सप्टेंबर, मंगळवार

मी १४ तारखेला सगळं लिहिलं नव्हतं. वहीशीही खोटं बोललो, म्हणजे मारेताशी.

त्या कवटीला सगळे दात होते. वरचे दोन्ही. पांढरे, सरळ, एकही किडलेला नाही, तरुण माणसाचे. हाडं दगडाला धरून बसली होती कारण त्यांच्यावर चुनखडीचा थर चढला होता, आणि दहा महिन्यांत असा थर चढत नाही. दीडशे, दोनशे वर्षं लागतात. डोक्याच्या मागे भोक होतं, गदेच्या टोकाएवढं. मी ते सगळं तिथेच, बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पुना नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण मला खड्ड्याच्या काठावर बसलेली मावशी दिसत होती. वाटलं, हाडांना काय ठाऊक. बिचाऱ्याला अंगण मिळेल, बाईला नवरा मिळेल. दोन अनाथ एका घरात. देव रागावणार नाही. म्हणून चल पुना म्हणालो. पान उचलू दिलं नाही. टाके मी घातले.

आज बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, आम्ही सगळ्यांनी त्याला नावाने हाक मारली रे. घर सांगितलं, बायको सांगितली. दोनशे वर्षं त्याला कोणी काही दिलं नव्हतं. आता तो पुनाच आहे. तू सोड म्हटल्याने कसा सोडेल?

मी विचारलं, उपाय काय? म्हणाले, परत नेऊन ठेवायचं. पण त्याआधी तिने आपल्या तोंडाने म्हणायला हवं की हा माझा नाही. आणि तिने म्हणायला हवं असेल तर तिला कोणीतरी सांगायला हवं.

कोणीतरी म्हणजे मी.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सांगायला गेलो. दोन ताटं मांडली होती. दोन्ही तशीच पडलेली, वर मुंग्या. मावशीचे डोळे साईसारखे झालेत. हाताची हाडं मोजता येतात. चार दिवस ती जेवली नाही आणि तिला ते माहीत नाही.

तक्रार एकच. म्हणाली, विसरभोळा झालाय. एकेकाचं नाव विचारत बसतो. मुलीचं नाव काय, नातवाचं काय, चर्चचा दगड कोणी घातला त्याचं काय. सगळी सांगितली. आता माझं विचारतो. सांग, बायकोचं नाव कोणी विसरतं का? उद्या सांगेन म्हटलंय, जरा रुसून.

मी म्हटलं, मावशी, सांगू नका.

म्हणाली, का? आणि माझ्याकडे तोंड करून जीभ वाजवली. मी कुठे आहे ते पाहायला.

कारण सांगता आलं नाही. वाक्य तयार होतं. तोंडात होतं. ती इतक्या प्रेमाने आतल्या अंधाराकडे वळून उद्या सांगते हं म्हणाली—

३० सप्टेंबर, शनिवार

गुहा रिकामी. एकही नाही. बॅटरी विझवली तर नुसती शांतता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथे भीती वाटली.

मग फार आतून, खालून, एक टक्. मागे बारीक शीळ.

तो तिथेच आहे. खरा. त्या दिवशी फटीपर्यंत मागे आला होता तो सांगायला. मी नाही, मी नाही, तो मी नाही.

सोमवारी कबर फोडायची. तेरिई तयार नव्हता, बाबांनी तयार केलं. उद्या रविवार, पहारीला हात लावता येत नाही. इथे नाही, आमच्याकडेही नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

मावशी चर्चला आली नाही. दोनदा दारात गेलो. दार आतून लावलेलं. आत बोलणं चालू. तिचं, आणि टकटक. तिने नाव सांगितलं का ते कळत नाही.

रविवारचा नियम मोडावा का, असं दिवसभर वाटलं. मोडला नाही. हात जोडून बसलो. हीसुद्धा माझीच चूक ठरेल की काय—

२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी फरशी काढली. सिमेंटला तडा नव्हता. आत गोधडी होती, घडी घालून ठेवलेली, टाके दातांनी तोडलेले. हाडं नाहीत.

घर उघडं. मावशी नाही. वाशांवर पाखरंही नाहीत. पलीकडची म्हणाली, पहाटे गुहेच्या वाटेने गेली, अनवाणी, माकातेआवरून, नवऱ्याशी बोलत असावी तशी. डोक्यावर पाकोळ्यांचा ढग. मी हाक मारली तर वळली नाही.

बाबांना तेरिईकडे माणसं जमवायला पाठवलंय. मी पुढे निघालो. वही खिशात आहे. वाटेवर रक्ताची पावलं आहेत, लहान.

२ ऑक्टोबर. गुहेत.

फटीपलीकडच्या उतारावर घसरलो. उजवा घोटा गेला. हाड बाहेर दिसतंय. बॅटरी पिवळी पडत चाललीय, म्हणून थोडक्यात.

मावशी इथे आहे. ठेंगण्या दालनाच्या मधोमध उभी. पाखरं सगळी परत आलीत, भिंती काळ्या दिसतात. दोन आवाज आहेत. एक डावीकडून, स्वच्छ, जोरदार. एक उजवीकडून, लांब, मागे शीळ. मावशी दोघांकडे आळीपाळीने तोंड करते. तिने नाव सांगितलेलं नाही. अजून रुसलेली आहे. देवा, तुझे उपकार.

मला म्हणाली, अरे, तू आणलास. तू सांग, माझा कुठला.

सांगितलं. सगळं. दात, चुनखडी, भोक. मावशी, मी खोटं बोललो. तुमचा शिट्टी मारतो तो. डावीकडचा तुमचा कोणी नाही.

ती रडली नाही. म्हणाली, मला वाटलंच होतं, मीठ कमी म्हणून एकदा तरी ओरडला असता. मग डावीकडे तोंड करून म्हणाली, तू माझा नाहीस. जा बाबा.

आवाज थांबला. ती शिळेमागे निघाली. टक् आणि शीळ, टक् आणि शीळ, तिला फटीकडे नेतोय. ती गेली. वरून तिचा आवाज आला, उजेड दिसतो रे. पोचली.

—

बॅटरी संपत आली. टक्. डावीकडचा माझ्याकडे वळलाय.

त्याचं नाव काढून घेतलं आम्ही. अंगण काढून घेतलं. रागावलेला नाही. नुसता विचारतोय. जवळ येऊन विचारतोय. मी म्हटलं, तू माउकेचा का रे? टकटक थांबली. बराच वेळ. मग एकदाच, हळू. पाटीतून आलेला. माझाच कोणी पणजा.

दुसरं काय देणार. म्हटलं, माझं नाव घे. मावशीला सोड, गावाला सोड. पोकोआती नाव आहे, मुक्काम माउके, दारापुढे जागा आखलेली आहे.

—

अंधारात लिहितोय. ओळी एकावर एक जात असतील.

वर माणसं आलीत. हाका मारताहेत. एकच नाव पुन्हापुन्हा. कोणाचं ते आठवेना. वहीच्या पहिल्या पानावर आहे, पण दिसत नाही. बोटांनी चाचपलं, शाई लागत नाही बोटाला.

शेजारून कोणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात.

तो वर चाललाय. ते आनंदाने ओरडताहेत, सापडला, सापडला. पाखरं त्याच्यामागे गेली. घोटा त्याचा चांगला आहे. मला ओरडता येत नाही. जीभ टाळ्याला लागते आणि नुसती टक्—

माउकेला जाईल. जाऊ दे. आपल्या बेटावर जाऊ दे बिचाऱ्याला. घर कुठलं ते विचारत फिरेल. त्या आखलेल्या जागेशेजारी कोण निजलीय ते त्याला ठाऊक नाही. तिचं नाव मी सांगितलेलं नाही, विचारलं तरी सांगितलं नसतं, तिचं नाव तेवढं माझ्यापाशी—

नाही.

पाटी. त्या दिवशी तो माझ्या पाठीवर होता. कान माझ्या मानेशी. आणि मी सारी वाट, मोठ्याने, मारेता इथे पाय जप, मारेता निळा रंग, मारेता